विंडोज ११ टाकताना मशीन गप्प झालं तर

परवा निपाणीच्या एका दोस्ताचा फोन आला, म्हणाला अजून विंडोज १० वरच आहे रे, ते अपग्रेडचं बटन दाबायला भ्या वाटायलंय, मधेच एनव्हीडीए (आम्हा न दिसणाऱ्यांना स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर) गप्प झालं तर करू काय, दिवसभर घरात बघणारं कोण नसतंय. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथं लिहितोय. बटन दाबणं काही अवघड नाही, अवघड आहे ती मधली शांतता. मशीन काम करतंय म्हणून गप्प आहे की मेलंय म्हणून गप्प आहे, हे ओळखता आलं की निम्मं काम झालं.

घाई का, तर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरच्या मशीनला जादा सिक्युरिटी अपडेट घेता येतात पण तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. म्हणून आधी मशीनवर ११ चढतंय का ते बघा. पीसी हेल्थ चेक नावाचं मायक्रोसॉफ्टचंच फुकट ॲप आहे, त्यात चेक नाऊवर एंटर मारला की सांगतंय. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, आठव्या पिढीचा किंवा त्याच्या पुढचा इंटेल (एएमडीची यादी वेगळी), सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा) आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), एवढं लागतंय. कधीकधी टीपीएम मशीनमध्ये असतंय पण बंद असतंय, ते बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू करायचं, इंटेलवाल्यात पीटीटी आणि एएमडीवाल्यात एफटीपीएम नावानं सापडतंय. आणि बायोसमध्ये कुठलाच स्क्रीन रीडर बोलत नाही, तिथं बघणारा माणूस शेजारी बसवा, उगाच हिंमत दाखवायला जाऊ नका.

आता तयारी, ही नीट करा. एनव्हीडीए आधी नवीन व्हर्जनचं करून घ्या. मग इन्सर्ट+एन, टूल्स, तिथून पोर्टेबल कॉपी (इन्स्टॉल न करता चालणारी) बनवून पेनड्राइव्हवर टाका, म्हणजे तुमची सेटिंगं पण जवळ राहतात. पण पोर्टेबल कॉपी साइन-इनच्या स्क्रीनवर बोलत नाही, त्यासाठी एनव्हीडीएच्या जनरल सेटिंगमध्ये साइन-इनला एनव्हीडीए चालू व्हावं हा चेकबॉक्स टिक आहे का बघा. दुसरा आवाज म्हणजे नॅरेटर, विंडोजमधलाच स्क्रीन रीडर, चालू-बंद करायला विंडोज+कंट्रोल+एंटर. आजच दोनचार वेळा चालू-बंद करून बोटांना सवय लावा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की फोनमध्ये उतरवून ठेवा. ब्लूटूथ हेडफोनवर बसू नका, वायरवाला लावा, आणि एक स्वस्तातलं युएसबी साउंड कार्ड जवळ असू द्या, कारण अपग्रेडनंतर साउंडचा ड्रायव्हर हलला तर मशीन ठणठणीत असूनही मुकं.

फाइलींचा बॅकअप घ्यायचाच. आणि आमच्या खानापूर साइडला पावसात लाईट कधी जाईल नेम नसतोय, लॅपटॉप असेल तरी चार्जिंगला लावूनच बसा, डेस्कटॉप असेल तर यूपीएस पाहिजेच.

मग सेटिंग्ज, विंडोज अपडेट, तिथं ११ ची ऑफर आली असेल तर डाउनलोड ॲन्ड इन्स्टॉल. नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलेशन असिस्टंट. आयएसओ फाइलनं (विंडोजची सगळी इन्स्टॉलेशन डिस्क एका फाइलीत) करत असाल तर फाइली आणि ॲप ठेवायचा पर्याय निवडलाय ना, एवढं दोनदा ऐका. इथपर्यंत एनव्हीडीए सगळं वाचतंय.

रिस्टार्ट झालं की गप्प. नॅरेटर पण नाही. स्क्रीनवर नुसते टक्के फिरत असतात आणि मधे दोनतीनदा मशीन आपोआप बंद-चालू होतंय. माझ्या पहिल्या वेळी सव्वा तास असाच गेला, मला वाटलं लटकलं, पॉवर बटन दाबून धरलं. मग अजून दीड तास वाट बघितल्यावर भाचा येऊन म्हणतोय, "मामा, आधीचंच आलंय की परत." नशीब म्हणून विंडोज १० वर माघारी गेलं.

दुसऱ्या वेळी शहाणा झालो. लॅपटॉपच्या बाजूच्या जाळीला तळहात लावून बसलो, गरम वारा यायलाय म्हणजे काम चाललंय. फोनवर सीइंग एआय (कॅमेऱ्यासमोरचं वाचून दाखवणारं ॲप) उघडून शॉर्ट टेक्स्ट लावला, स्क्रीनपासून हातभर लांब धरला, तर इंग्लिशमध्ये बोललं "फॉर्टी सेव्हन पर्सेंट". चहा पिऊन परत धरला, एकसष्ट. आकडा सरकतोय ना, मग हात लावायचा नाही.

टक्के संपल्यावर चार मिनिटं थांबून विंडोज+कंट्रोल+एंटर मारा, साइन-इन आलं असेल तर नॅरेटर बोलेल. तरी गप्प असेल तर साउंड कार्ड घालून बघा. आता आपल्या भागातली खास गंमत: माझ्याकडं इंग्लिश, मराठी, कन्नड तिन्ही कीबोर्ड आहेत, पासवर्ड चुकतोय चुकतोय म्हणून वैतागलो तर कीबोर्ड कन्नडवर होता! विंडोज+स्पेस दाबत इंग्लिशवर या आणि मगच टाइप करा. आत गेल्यावर ईस्पीकमध्ये (एनव्हीडीएसोबत येणारा आवाज) मराठी आणि कन्नड दोन्ही आवाज जागेवर आहेत का तपासा, कन्नडमधला उतारा वाचायला ते लागतंयच. नुडीच्या (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) जुन्या फॉन्टमधली फाइल मात्र ११ वर पण तशीच गिचमिड वाचणार, त्यात अपग्रेडचा दोष नाही.

११ मध्ये ॲप्लिकेशन कीचा (राइट-क्लिकचा) मेनू छोटा झालाय, जुना लांबडा पाहिजे तर शिफ्ट+एफ१०. वायफाय, आवाज हे विंडोज+ए मध्ये, नोटिफिकेशन विंडोज+एन मध्ये. दोन दिवसात बसतंय हाताला. नाहीच बसलं तर सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी इथं गो बॅक आहे, पण ते १० दिवसच, आणि तोवर विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर जागा खातंय म्हणून उडवू नका, माघारी जायचा रस्ता तोच आहे.