तिसरा महिना सरला? आधी स्कॅनची तारीख घ्या

उलट्या ओसरल्या, चोरओटी झाली, दोन घास गोड लागायला लागले की घरात सगळ्यांनाच वाटतं, सुटलो, आता सातव्यापर्यंत निवांत. याच निवांतपणात एक काम हमखास राहतं, ते म्हणजे अ‍ॅनोमली स्कॅनची, म्हणजे बाळाचे अवयव तपासणाऱ्या सोनोग्राफीची, तारीख. स्कॅन १८ ते २० आठवड्यांत करायचा असतो, पण तारीख १३व्या-१४व्या आठवड्यातच घेऊन ठेवायची. बाकी यादी नंतर वाचा, आधी फोन करा.

पहिल्या खेपेला आमच्याकडे हेच राहिलं. डॉक्टर म्हणाल्या, ‘पाचव्यात सोनोग्राफी करून या.’ घरात सगळा हिशोब महिन्यांचा. पाचवा लागला तरी कुणी हललं नाही, कारण पाचवा अजून ‘चालू’ होता. म्हणून महिन्यांचा हिशोब सासूबाईंकडे राहू द्या, तुम्ही आठवडे मोजा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे, आणि पहिल्या सोनोग्राफीत प्रसूतीची तारीख बदलून दिली असेल तर ती धरायची. कालनिर्णय काढा. १८ आठवडे पूर्ण होतात तिथे एक खूण, २० पूर्ण होतात तिथे दुसरी. स्कॅन या दोन खुणांच्या मधे. १८ आठवडे म्हणजे चार महिने आणि वर चारेक दिवस, म्हणजे पाचवा नुकता लागलेला. पाचवा सरतो तेव्हा २२ आठवडे होत आलेले असतात.

एवढी घाई कशाला, असं घरात विचारतीलच. या स्कॅनमध्ये बाळाचा मेंदू, मणका, हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडं, ओठ, हातपाय एकेक करून बघतात. वार (प्लासेंटा) कुठे आहे, गर्भजल किती आहे तेही कळतं. फार आधी गेलं तर हृदय नीट दिसत नाही. उशिरा गेलं आणि काही शंका निघाली, तर पुढच्या तपासण्यांना दिवस उरत नाहीत. हृदयाची वेगळी सोनोग्राफी, गर्भजलाची तपासणी, तिच्या काही रिपोर्टना दोन-तीन आठवडेही लागतात. आणि कायदा दिवस मोजतो. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताला २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टर लागतात आणि तेही ठरावीक कारणांसाठीच. २४ नंतर बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाची परवानगी. हे कुणालाच वाचायचं नसतं, मलाही लिहायचं नव्हतं. बहुतेकींचे रिपोर्ट चांगलेच येतात. पण ज्या घरात येत नाहीत, तिथे निर्णय घ्यायला हातात दिवस हवेत, आणि ते फक्त वेळेवर गेलं तरच मिळतात.

शिवाय बाळ त्या दिवशी पाठ करून बसलेलं असलं तर ‘खाऊन, फिरून या’ म्हणतात, तरी नाही वळलं तर दुसऱ्या दिवशी किंवा पुढच्या आठवड्यात बोलावतात. सोनोग्राफी करणाऱ्या चांगल्या डॉक्टरांकडे रांग असते. तालुक्याहून नाशिक-पुण्याला जायचं असेल तर गाडीची सोय, नवऱ्याची रजा हे सगळं त्या एका तारखेवर लटकलेलं. दिवाळी किंवा मे महिना मधे येत असेल तर अजून आधी विचारा, तेही सुट्टीवर जातात.

आणि हो, तिसऱ्या महिन्यातली एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात ती) आणि डबल मार्कर ही रक्ततपासणी चांगली आली म्हणून हा स्कॅन टळत नाही. ती वेगळी तपासणी, ही वेगळी. डबल मार्कर राहूनच गेला असेल तर १५ ते २० आठवड्यांत क्वाड्रुपल मार्कर, तीही रक्ताचीच तपासणी, करता येतो, त्याबद्दल आत्ताच विचारा.

जाताना आधार कार्ड, जुने रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठी विसरलात तर आल्या पावली परत, आणि त्यात केंद्राची चूक नाही. १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली त्यांना प्रत्येक गर्भवतीचा ‘फॉर्म एफ’ भरून ठेवावा लागतो. मुलगा की मुलगी हे मला जाणून घ्यायचं नाही, अशी सही तुम्हालाही करावी लागते. सोबत येणाऱ्या मावशी-आत्यांना घरूनच सांगून ठेवा की तिथे सूचकसुद्धा काही विचारायचं नाही. सांगणारा जसा अडकतो तसा विचारणाराही. लघवी रोखून यायचं का, तेही फोनवरच विचारून घ्या, म्हणजे उगाच तास-दीड तास पाय आवळून बसायला नको.

आता गोळ्या. चौथ्यापासून लोहाची गोळी सुरू होते. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं, रोज एक, किमान १८० दिवस. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची, दिवसातून दोनदा. दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत, कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. चहाही नाही देत. दुपारच्या जेवणानंतर लोहाची गोळी आणि तिच्यावर लगेच चहा, हे आपल्याकडे घरोघरी चालतं, आणि मग हिमोग्लोबिन का वाढत नाही म्हणून बीट किसत बसतात. कॅल्शियम सकाळी आणि दुपारी जेवणासोबत, लोह रात्री जेवणानंतर तासा-दोन तासांनी लिंबूपाण्याबरोबर, हा क्रम बहुतेकींना जमतो. शौचाला काळं होतं, घाबरू नका. कुंथावं लागत असेल तर पाणी वाढवा, भाकरी-भाजी वाढवा, पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टर दुसरी देतात. हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर डोस वेगळा, तो त्यांनीच ठरवायचा. जंताची गोळी, अल्बेंडाझोल ४००, चौथ्या ते सहाव्या महिन्यात एकदा द्यायची असते. डॉक्टर बोलले नाहीत तर आपण विचारायचं. धनुर्वाताची इंजेक्शनं, आता ‘टीडी’ म्हणतात, चार आठवड्यांच्या अंतराने दोन. आधीचं बाळंतपण तीन वर्षांच्या आतलं असेल आणि तेव्हा दोन्ही झाली असतील तर एक पुरतं.

फोन केला का? की ‘रविवारी बघू’ चाललंय?

शरीराचं म्हणाल तर या दिवसांत रक्तदाब थोडा उतरतो, पटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. कुशीवर वळून सावकाश उठायचं. जांघेजवळ, ओटीपोटाच्या बाजूला शिंकताना-वळताना कळ येते, ती गर्भाशय वाढताना ताणल्या जाणाऱ्या बंधांची. हिरड्यांतून रक्त येतं, नाक चोंदतं. दातांचं काम राहिलं असेल तर आत्ता करून घ्या, नंतर त्या खुर्चीत उताणं पडवत नाही. बाळाची हालचाल पहिलटकरणीला साधारण १८ ते २० आठवड्यांत कळते, दुसऱ्या खेपेला थोडी आधी; वार पुढच्या बाजूला असेल तर आणखी उशिरा. शेजारणीला सोळाव्यालाच कळली म्हणून रडत बसू नका. काय खावं, काय खाऊ नये यावर शंभर लोक सांगतील, मी नाही सांगत.

मात्र रक्त गेलं, अंगावरून पाणी गेलं, ताप आला, लघवीला जळजळ, पोटात न थांबणारी कळ, यांत ‘सकाळपर्यंत बघू’ नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा १०२.

प्रवासाला हे महिने चांगले, डॉक्टरांची हरकत नसेल तर माहेरी जा, लग्नाला जा. मोटारीत पट्टा पोटाखालून, मांड्यांवरून. फक्त त्या दोन खुणांच्या मधे स्कॅन सोडून कुठे जाऊ नका. चुलत नणंदेचं लग्न असलं तरी नाही.

सरकारी दवाखान्यात जात असाल तर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी मोफत असते, ती चौथ्या महिन्यापासूनच्या बायकांसाठीच आहे. आशाताईंकडे नोंद, माता-बाल संरक्षण कार्ड, मातृवंदना योजनेचा अर्ज हे एकदमच करा. पहिल्या बाळाला ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. आधार आणि बँक खात्यावरचं नाव एकच हवं, लग्नाआधीचं-नंतरचं असा घोळ असेल तर आत्ता निस्तरा. नोकरी असेल तर पहिल्या दोन बाळांना २६ आठवड्यांची पगारी रजा, त्यातली प्रसूतीआधी जास्तीत जास्त आठ. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं पाहिजे. अर्ज लेखी द्या.

२४ ते २८ आठवड्यांत साखरेची तपासणी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, दोन तासांनी रक्त; १४० किंवा वर आली तर डॉक्टर पुढचं सांगतात. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर २८व्या आठवड्याच्या सुमाराला अँटी-डीचं इंजेक्शन, त्याबद्दल आधी विचारा, ते महाग असतं. डोहाळजेवणाची साडी, झोपाळा, फुलांचे दागिने यासाठी घरात माणसं भरपूर असतात, ते त्यांच्यावर सोडा.