घरी इतिहास शिकवताना या चुका टाळा: मुलं तीन, वयं तीन

सहा वर्षांच्या मुलाला इजिप्त, दहा वर्षांच्याला फ्रेंच राज्यक्रांती, तेरा वर्षांच्या मुलीला दुसरं महायुद्ध. होमस्कूलिंगमधला इतिहास बहुतेक वेळा इथेच फसतो. तीन विषयांची तयारी दर आठवड्याला कुणालाच झेपत नाही, आणि वेळ कमी पडला की पहिली कुऱ्हाड इतिहासावर पडते. भागाकार आल्याशिवाय अपूर्णांक जमत नाहीत, पण इतिहासाला अशी अट नाही. विषय सगळ्यांना एकच ठेवा, काम वयाप्रमाणे द्या.

समजा, या आठवड्यात पॉम्पेई: व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडलं गेलेलं रोमन शहर, इ.स. ७९. पहिल्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून १५ ते २० मिनिटं वाचून दाखवा. पुढे धाकट्यासाठी उत्खननात सापडलेल्या, कोळसा झालेल्या गोल पावाचं छायाचित्र: त्यावरचे आठ भाग मोजायचे आणि चित्र काढायचं. मधल्याने नेपल्सच्या उपसागराचा नकाशा काढून व्हेसुव्हियस, पॉम्पेई आणि त्याच उपसागराकाठची हर्क्युलेनियम व मिसेनम ही गावं दाखवायची. थोरलीला ‘धाकटा प्लिनी’ या रोमन लेखकाची उद्रेकाविषयीची पत्रं. उद्रेकाच्या वेळी तो १७ वर्षांचा होता आणि मिसेनमला होता. इतिहासकार टॅसिटसला ही पत्रं त्याने लिहिली ती सुमारे २५ वर्षांनी. पत्राच्या प्रचलित पाठात उद्रेकाची तारीख २४ ऑगस्ट आहे. २०१८ मध्ये मात्र पॉम्पेईतल्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबर ही तारीख सापडली, वर्ष न दिलेली. ती त्याच वर्षीची असेल, तर उद्रेक त्यानंतरचा ठरतो. आता कुणाचं खरं मानायचं आणि का, हे तिने पानभर लिहावं.

याच विषयात हमखास होणारी चूक म्हणजे खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी. दुपार त्यात जाते, मुलं खूश होतात, पण डोक्यात राहतो तो लाल फेस. पॉम्पेई लाव्हाखाली गाडलं गेलं नाही. आधी प्युमिस म्हणजे ज्वालामुखीतून उडालेल्या हलक्या, सच्छिद्र दगडांचा सडा पडला आणि मग तप्त राख-वायूंचे लोट आले. म्हणजे मेहनत करून चुकीचंच शिकवलं. हस्तकलेला ३० मिनिटांची मर्यादा घाला, आणि त्यातून विषयातली कुठली गोष्ट कळणार हे आधी एका वाक्यात सांगता येत नसेल तर ती सोडून द्या.

आठवड्याच्या शेवटी ‘काय कळलं?’ विचारताना सुरुवात धाकट्यापासून करा. थोरली आधी बोलली की बाकीचे ‘तेच’ म्हणून मोकळे होतात.

कालरेषेत घोळ होतो तो प्रमाणाचा. वहीच्या पानावर ५,००० वर्षं कोंबली की सगळं ‘फार पूर्वी’ होऊन जातं. भिंतीवर कागदाची पट्टी लावा: १०० वर्षांना १० सेंटीमीटर, म्हणजे एकूण ५ मीटर. गिझाचा मोठा पिरॅमिड (सुमारे इ.स.पू. २५६०) आणि क्लिओपात्राचा मृत्यू (इ.स.पू. ३०) यांत सुमारे अडीच मीटर अंतर येतं, आणि तिथून आपल्यापर्यंत जेमतेम दोन मीटर. मुलं टेप घेऊन पुन्हा मोजतात, मोजू द्या. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही. म्हणून रोमन सम्राट ऑगस्टसचं वय (जन्म सप्टेंबर इ.स.पू. ६३, मृत्यू ऑगस्ट इ.स. १४) नुसत्या बेरजेने ७७ येतं, खरं ७५: एक वर्ष शून्य नसल्यामुळे कमी, दुसरं शेवटचा वाढदिवस यायच्या आधीच मृत्यू आल्यामुळे.

वर्षाला ३६ आठवडे धरत असाल तर विषय ३० च ठरवा. आजारपण, पाहुणे, कंटाळा यांत सहा आठवडे सहज जातात. एखादा आठवडा बुडाला तर पुढच्या आठवड्यात दोन विषय दामटू नका. बुडालेल्या विषयाची वर्षासकट चिठ्ठी पट्टीवर चिकटवा आणि ठरलेल्या विषयाकडे वळा.