विंडसर कॅसल: एका तिकिटात वर्षभर

मुलांकडे इंग्लंडला तीन-चार महिने राहायला जाणाऱ्या आई-बाबांसाठी. विंडसर कॅसल (लंडनजवळचा राजाचा किल्लेवजा राजवाडा) एका दिवसात पाहून होत नाही, आणि तिकीट काही स्वस्त नाही. दुसऱ्यांदा पैसे भरू नका.

१. तिकीट 'रॉयल कलेक्शन ट्रस्ट' या राजवाड्यांचं पर्यटन सांभाळणाऱ्या संस्थेकडूनच काढा. टूर कंपनीच्या किंवा इतर साइटच्या तिकिटावर वर्षभर पुन्हा येण्याची सोय मिळत नाही.
२. बाहेर पडण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगून तिकिटाचा एक वर्षाचा पास करून घ्या. जादा पैसे लागत नाहीत. जेवायच्या घाईत हेच राहून जातं!
३. पुढच्या वेळी पास आणि ओळखपत्र सोबत ठेवा.

मंगळवारी आणि बुधवारी कॅसल बंद असतो. रविवारी कॅसलमधलं सेंट जॉर्ज चॅपल (चर्च) पर्यटकांसाठी बंद. राणी एलिझाबेथची समाधी तिथेच आहे, म्हणून निदान पहिली फेरी तरी रविवारी नको. राजा मुक्कामाला आहे का, हे गोल बुरुजावरच्या झेंड्यावरून कळतं: रॉयल स्टँडर्ड (राजाचा झेंडा) असेल तर आहे, युनियन जॅक (ब्रिटनचा राष्ट्रध्वज) असेल तर नाही.

बकिंगहॅम पॅलेसच्या स्टेट रूम्सचं (समारंभाच्या दालनांचं) उन्हाळी तिकीट आणि एडिंबरोच्या होलीरूडहाऊस राजवाड्याचं तिकीट याच पद्धतीने वर्षभर चालवता येतं.

मात्र पास ज्या वास्तूचा, तिथेच चालतो. सँड्रिंगहॅम आणि बालमोरल ही राजाची खासगी घरं, तिथलं तिकीट वेगळं. हॅम्प्टन कोर्ट आणि केन्सिंग्टन पॅलेस दुसऱ्याच संस्थेकडे आहेत.