कॉयरसाठी नवं मराठी गीत करताय? कवी-संगीतकारांनो, या चुका टाळा

कवी व्हॉट्सॲपवर शब्द पाठवतो, संगीतकार चाल करून परत पाठवतो आणि दोघं पहिल्यांदा भेटतात ते थेट तालमीला. गोव्यात कॉयरसाठीच्या, म्हणजे अनेक आवाजांत गाणाऱ्या गायकवृंदासाठीच्या, नव्या मराठी समूहगीतांचा घोळ बहुतेकदा इथूनच सुरू होतो.

सगळ्यात महाग पडते ती अक्षरांच्या मोजणीतली चूक. कवी अभंगाच्या हिशेबाने लिहितो: 6, 6, 6, 4. ‘पावसात न्हाले’ ही त्याच्या लेखी सहा अक्षरं. चर्चच्या कॉयरमध्ये वाढलेला संगीतकार तीच ओळ बोलल्यासारखी वाचतो. त्याला पाव्-सात्-न्हा-ले असे चारच उच्चार ऐकू येतात. दोघंही बरोबर असतात, म्हणूनच चूक कुणाच्या लक्षात येत नाही. मग तालमीत काय होतं? भजनं म्हणत मोठे झालेले बास (पुरुषांचा खालचा आवाज) ‘व’ आणि ‘त’मधला अ पुरता गातात, सोप्रानो (स्त्रियांचा वरचा आवाज) तो गिळतात, आल्टो (स्त्रियांचा खालचा आवाज) दोन्हींकडे बघत राहतात. कंडक्टर पहिल्या आठ बारमध्येच (मात्रांच्या गटांतच) अडकतो. शेवटी अ गायचा ठरतो आणि प्रत्येक ओळीत दोन सूर कमी पडतात. चारही आवाजांचे भाग पुन्हा लिहायचे, छापलेल्या प्रती रद्दीत घालायच्या. त्यातच ‘पाव’नंतर श्वास ठेवलेला असेल, तर श्रोत्यांना पाऊस न ऐकू येता पाव ऐकू येतो.

एकही सूर लिहिण्याआधी कवीने पूर्ण गीत फोनवर दोनदा रेकॉर्ड करावं: एकदा बोलल्यासारखं, एकदा टाळी धरून छंदात. मग दोघांनी समोरासमोर बसून प्रत्येक संशयास्पद अ पेन्सिलीने निकालात काढावा. गायचा असेल तर अक्षराखाली रेघ, नसेल तर अक्षराचा पाय मोडायचा. नोटेशनमध्येही तसंच उतरलं पाहिजे: ‘पा-व-सा-त’ किंवा ‘पाव्-सात्’. एका बैठकीत होणारं हे काम आहे. ‘तालमीत बघू’ म्हणणाऱ्यांना तीस माणसांच्या संध्याकाळची किंमत कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक उंच सुरांची. ओळीचा कळस ‘क्षितिजी’ किंवा ‘तू’ अशा शब्दावर, आणि सोप्रानोला दिलाय वरचा जी किंवा ए हा पाश्चात्त्य सूर. इ आणि उ या स्वरांचा पहिला अनुनाद (तोंडाच्या पोकळीत आवाज सर्वात आधी घुमतो ती कंपनसंख्या) साधारण 300 हर्ट्झच्या आसपास असतो. जी-एच्याही खाली असलेल्या वरच्या एफचा मूळ सूरच 700 हर्ट्झजवळ, म्हणजे त्या अनुनादाच्या बराच वर जातो. त्या उंचीवर तोंड उघडावंच लागतं आणि सगळे स्वर आ-कडे झुकतात. गायिका कितीही तयार असो, इ ऐकू येणार नाही. दटावून इ काढायला लावलं तर आवाज चिरकतो. कवीला कळसाची जागा आधी सांगा आणि तिथे आ किंवा ओ असलेला शब्द मागा. शब्द हलवायचाच नसेल तर तो आल्टो किंवा टेनरला (पुरुषांचा वरचा आवाज) द्या आणि सोप्रानोला वर नुसता ‘आ’ ठेवा.

शब्द फार असणं हीसुद्धा नेहमीचीच तक्रार. चार मिनिटांच्या रचनेला आठ-दहा ओळी पुरतात. जुन्या गोव्यातल्या उंच छतांच्या चर्चमध्ये गाणार असाल तर त्याहून कमी घ्या, कारण तिथे घुमणारा आवाज पुढच्या शब्दावर चढतो. चार आवाज एकाच वेळी चार वेगळ्या ओळी गात असतील, तर त्यातली एक तरी ओळ आधी एकदा सुटी ऐकवा.

‘श्वास’, ‘आस’ असे शेवट असतील तर स कुठल्या ठोक्यावर सोडायचा ते लिहा. नाहीतर प्रत्येक जण आपापल्या वेळी फुत्कारतो.

रोमी (रोमन) लिपीत वाचणाऱ्यांसाठी देवनागरी ओळीखाली त्या लिपीतली दुसरी ओळ द्या आणि ‘चांदणं’तला च व ‘चित्र’तला च यांना वेगळी खूण करा.

कवी बा. भ. बोरकरांच्या ओळी परवानगीशिवाय घेऊ नका. ते 1984 मध्ये गेले आणि आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, म्हणजे 2044 अखेरपर्यंत.

नाताळच्या कार्यक्रमासाठी शब्द चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) पक्के करा. त्यानंतर कवीला एखादा शब्द बदलायचाच असेल, तर गायची अक्षरं तेवढीच आणि लांब सुरावरचा स्वर तोच ठेवून बदलावा.