भंडारदऱ्याला तंबू ठोकण्याआधी

दिवाळी सरली की ओळखीतल्या दोन-चार जणांचा फोन हमखास येतो. "भंडारदऱ्याला कॅम्पिंगला जायचंय, जागा कुठली घेऊ?" मी आधी विचारते, तिथे जाऊन करायचं काय आहे? कळसूबाई चढायचंय, सांदण दरीत उतरायचंय, रतनगडावर जायचंय, की दोन दिवस तलावाकाठी निवांत बसायचंय? नकाशावर हे सगळं एकाच पाण्याभोवती दिसतं. पण रस्ता वळणावळणाचा आणि अरुंद आहे. मुक्काम एका टोकाला आणि चढाई दुसऱ्या टोकाला असली, की पहाटेची झोप गाडीत जाते. म्हणून तयारीच्या यादीतलं पहिलं काम घरी बसून करायचं: काय करायचं ते ठरवा, मग महिना, आणि जागा सगळ्यात शेवटी.

महिन्याचं गणित असं. मे अखेर ते जूनचा पहिला पाऊस हे काजव्यांचे दिवस. जुलै-ऑगस्टमध्ये तंबूचा हट्ट धरू नका. जवळच्या घाटघरला नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात, आणि त्या पावसापुढे कुठलाही फ्लाय, म्हणजे तंबूवरचं बाहेरचं कापड, टिकत नाही. त्या दिवसांत गावातल्या घरात पथारी टाका आणि धबधबे बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोनकीच्या फुलांनी पठारं पिवळी होतात, पण जमीन अजून ओली असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तंबूचा खरा मोसम. यातही कॅलेंडर काढून अमावास्येच्या आसपासचा शनिवार-रविवार शोधा. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो. त्या वेळी चंद्र नसेल तर सुट्टी टाकूनही जावं असं माझं मत आहे.

आता जागा. कळसूबाई करायचं असेल तर मुक्काम बारी गावात किंवा त्याच्या जवळपास. १६४६ मीटर उंचीचं हे राज्यातलं सर्वांत उंच शिखर सूर्योदयाला गाठायचं तर तीन-साडेतीनला निघावं लागतं. शनिवारी रात्री लोखंडी शिड्यांवर रांग लागते, त्यामुळे शुक्रवारी मुक्काम करून शनिवारी पहाटे चढणं सोयीचं. सांदण दरी करायची तर साम्रद. रतनगड करायचा तर रतनवाडी. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर शेंडी गावाच्या आसपास थांबा. तिथे दुकानं आहेत, रस्ता बरा आहे, आणि १९२६ साली बांधून पूर्ण झालेलं विल्सन धरण पायी बघता येतं.

मला विचाराल तर रतनवाडी. गावात अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे, शेजारी कोरीव कोनाड्यांची पुष्करणी आहे, पाठीशी रतनगड आणि समोर पाणी. गाडी एकदा लावली की दोन दिवस हलवावी लागत नाही.

जागा पक्की करण्यापूर्वी फोनवर काय विचारायचं, हा यादीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. फोटो बघून पैसे भरू नका. तंबू लावणाऱ्या माणसाशी स्वतः बोला. संडास पक्का आहे का, आणि किती तंबूंना मिळून एक? पाणी विहिरीचं, बोअरचं की टँकरचं? जमीन कोणाची? हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आणि त्याच्या आतही आहे, त्यामुळे वनखात्याच्या हद्दीत कोणी परस्पर तंबू लावून देत असेल तर तिथे जाऊ नये. तंबू गावकऱ्याच्या स्वतःच्या शेतात असावा. रात्री साउंड सिस्टिम लावतात का, हेही स्पष्ट विचारा. एकदा मी हे विचारायचं विसरले. पहाटे दोनपर्यंत शेजारच्या तंबूंसमोर स्पीकर वाजत होता, आणि ज्या आभाळासाठी मुलांना इतक्या लांब आणलं होतं त्याच्याकडे कोणी मान वर करून बघितलंही नाही. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या यादीत वर असतो.

शक्यतो साम्रद, रतनवाडी, उडदावणे, पांजरे इथल्या घरांकडूनच जागा, जेवण आणि वाटाड्या घ्या. बहुतेक घरं महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. पावसाळ्यात भातशेती असते, एरवी येणाऱ्या पाहुण्यांवरच हातात रोकड येते. घासाघीस करू नका. माणसं किती, अंडं-मटण चालणारे किती, किती वाजता पोहोचणार, हे दोन दिवस आधी कळवा. म्हणजे तांदळाची भाकरी, पिठलं आणि ठेचा गरम मिळतो. ऐन वेळी चार माणसं वाढली की त्या घरातली बाई उपाशी झोपते. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे, म्हणून आग्रहाने सांगते.

जागेवर पोहोचलात की उजेड असतानाच तंबूची जमीन बघा. बहुतेकांना अगदी पाण्याला चिकटून तंबू हवा असतो. रतनवाडीत मीही तेच करत होते. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या मावशी शेणाची पाटी खाली ठेवून म्हणाल्या, "ताई, तिकडं नका लावू. रातच्याला वारा डोंगरावरनं खाली उतरतो, अन् तिथं दव लई पडतं." त्यांचं न ऐकता मी एक तंबू तिथे लावला आणि दुसरा वर बांधाजवळ, आंब्याच्या आडोशाला. पहाटे खालच्या तंबूच्या आतल्या कापडावर थेंब धरले होते, हात लागला की ओघळून मानेवर पडत. पांघरूण पायाकडून ओलं झालं होतं. वरचा तंबू जवळपास कोरडा. तेव्हा पाण्यापासून निदान पन्नास-साठ पावलं दूर, थोडं उंचावर, बांधाच्या किंवा झुडपांच्या आडोशाला जागा घ्या. वाळकी फांदी असलेल्या झाडाखाली किंवा आग्या मोहोळ लटकलेल्या कड्याखाली कधीही नको. तंबूचं दार वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा. वरची जाळी थंडी वाजते म्हणून बंद करू नका. आपल्याच श्वासाची वाफ आत अडकते आणि पाणी होऊन गळते.

सांदणला जाणार असाल तर आदल्या दिवशी साम्रदमध्ये पाण्याची चौकशी करा. दरीत शिरल्यावर लगेच पाण्याचे डोह लागतात. डिसेंबरपर्यंत ते कमरेच्या वर असू शकतात, उन्हाळ्याकडे सरकावं तसे आटतात. कपड्यांचा दुसरा जोड, मोबाईलला प्लास्टिकची पिशवी आणि चांगल्या पकडीचे बूट हवेतच. दरीच्या तोंडापासून आत जाऊन त्याच वाटेने परत येणं घरच्या मंडळींना जमतं. खाली कोकणात डेहण्यापर्यंत उतरायचं असेल तर दोर लावून कडे उतरावे लागतात. ते प्रशिक्षित गटाबरोबरच करा. दरीत शिरण्याआधी आभाळ भरून आलं असेल तर मागे फिरा. वर कुठेतरी पडलेला पाऊस इथे काही मिनिटांत येऊन पोहोचतो.

रतनगडाला वाटेत रान दाट आहे आणि फाटे फुटतात, म्हणून वाटाड्या घ्या. शिड्या चढून वर गेलात की नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, बसा. तिथला वारा अंगावर घेतल्याशिवाय उतरू नका. चढ-उतार आणि वरचं फिरणं धरून पूर्ण दिवस ठेवा, प्रत्येकी तीन लिटर पाणी घ्या.

काजव्यांसाठी जाणार असाल तर टॉर्चच्या काचेला लाल जिलेटीन कागद चिकटवा आणि मोबाईलचा फ्लॅश घरूनच बंद करून निघा. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते, गाडीच्या प्रखर दिव्यात ती हरवते. हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर ते दाटतात. झाड हलवायचं नाही, बरणीत भरायचं नाही, पायवाट सोडून गवतात शिरायचं नाही. त्यांची मादी बरेचदा खाली गवतातच असते.

पिशवीत काय भरायचं ते पटकन सांगते: हेडलॅम्प आणि जास्तीचे सेल, कानटोपी, जाड मोजे, जमिनीवर अंथरायला ताडपत्री, मॅट, स्लीपिंग बॅग, ओआरएस, शिट्टी, नेहमीची औषधं, आणि रोख रक्कम सुट्टी करून. आत रेंज येते-जाते, त्यामुळे ऑनलाइन पैशावर विसंबू नका आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा. पेट्रोल मुंबई-नाशिकहून येताना घोटीला, पुण्याहून येताना संगमनेर किंवा अकोले इथे भरून घ्या. कुठे जातोय आणि कधी परतणार, ते घरच्या एका माणसाला लिहून द्या. रुग्णवाहिकेचा १०८ आणि पोलिसांचा ११२ सगळ्यांना पाठ हवा.

सर्पदंशाची तयारी मी वेगळी ठेवते. घोणस आणि फुरसं या भागात आहेत. निघण्याआधी, त्या दिवसांत प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे ते फोन करून विचारून ठेवा. रात्री संडासला जाताना चपला नको, बूट घाला आणि घालण्याआधी झटका. दंश झालाच तर चिरा देणं, रक्त चोखणं, घट्ट बांधणं यातलं काहीही करायचं नाही. माणसाला शांत आडवं ठेवा, दंश झालेला अवयव हलू देऊ नका आणि गाडी काढा.

शेकोटी जागा देणाऱ्याने दाखवलेल्या ठिकाणीच, आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवलेली. फेब्रुवारीनंतर गवत वाळतं तेव्हा नकोच, एका ठिणगीने डोंगर पेटतो. निखाऱ्यांची शेगडी ऊब म्हणून तंबूत घेणं जीवघेणं आहे. त्या धुराविना साचणाऱ्या वायूने झोपेतच माणसं गेली आहेत. तलावात पोहायलाही उतरू नका. काठ चिखलाचा असतो आणि तळ एकदम खोल जातो.

निघताना एक रिकामं पोतं सोबत असू द्या. आपला सगळा कचरा त्यात भरून शहरापर्यंत परत न्या, कारण या गावांत तो उचलायला कोणी येत नाही. सकाळी तंबू लगेच गुंडाळू नका. खुंट्या काढा, तो उलटा करा आणि ऊन येईपर्यंत तसाच राहू द्या. तोवर मावशींकडे आणखी एक चहा होतो. घरी आल्यावर तंबू गच्चीत पुन्हा एक दिवस पसरा, मगच पिशवीत घाला.