पहिलं घर घेताय? सबसिडीच्या बाबतीत या चुका टाळा

इंदूरच्या मराठी वस्तीत अशी कितीतरी कुटुंबं आहेत, जिथे आजोबा राजवाड्यामागच्या वाड्यात भाड्याने राहिले, वडीलही भाड्यानेच राहिले आणि आता मुलगा-सून घराण्यातलं पहिलं घर घ्यायला निघालेत. पैसे कमी पडतात हे खरं, पण त्याहून मोठी अडचण अशी की घरात कधी कुणी रजिस्ट्री केलेलीच नसते. करार आधी करायचा की कर्ज आधी मंजूर करून घ्यायचं, हे सांगणारं वडीलधारं माणूस नाही. मग दलाल सांगेल ते खरं. लोकमान्य नगर, सुदामा नगर भागातल्या अशा मुलांचे कागद मी बरेचदा तपासून देतो, कधी त्यांच्याबरोबर बँकेतही जातो. चुका दरवेळी त्याच, आणि बहुतेक सगळ्या घाईतून झालेल्या. पाहून जीव तळमळतो.

आधी योजना काय आहे ते पाहू. प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 ही 1 सप्टेंबर 2024 पासून लागू आहे. तिच्यातला व्याज अनुदानाचा भाग कर्ज काढून घर घेणाऱ्यांसाठी आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत आणि कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, 120 चौरस मीटरपर्यंत असावा. कर्जाच्या पहिल्या 8 लाखांवर, जास्तीत जास्त 12 वर्षांच्या मुदतीसाठी, 4 टक्के व्याज सवलत मिळते. एकूण मदत जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, तीही पाच वार्षिक हप्त्यांत.

हा शेवटचा मुद्दा लोक वाचतच नाहीत.

सबसिडी डाउन पेमेंटमध्ये धरणं

सगळ्यात जास्त घरं या चुकीपायी अडचणीत येतात. 1 लाख 80 हजार हा आकडा ऐकला की तो लगेच हिशेबात जमा होतो. पाच हप्त्यांत वाटला तर वर्षाला 36 हजार, म्हणजे महिन्याला 3 हजार. पहिला हप्तासुद्धा कर्ज उचलल्यानंतर, अर्ज तपासून झाल्यावर येणार. बिल्डरला द्यायची रक्कम आणि रजिस्ट्रीचा खर्च मात्र त्याच्या कितीतरी आधी, रोख हातात असावा लागतो. बँक घराच्या किमतीवर कर्ज देते, स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी शुल्क सहसा त्या हिशेबात धरत नाही. मध्य प्रदेशात हा खर्च मोठा आहे, मल्टीतला, म्हणजे बहुमजली इमारतीतला, साधा फ्लॅट घेतला तरी लाखांच्या घरात जातो.

माझ्या ओळखीतल्या एका मुलाने हेच केलं. कंपनीत नोकरी, बायको शिकवण्या घेते, दोघंही काटकसरीने राहणारे. बाणगंगेकडच्या एका मल्टीत फ्लॅट पाहिला. डाउन पेमेंटला पैसे कमी पडत होते. दलाल म्हणाला, आत्ता पर्सनल लोन घे, सबसिडी आली की फेडून टाक. मुलाने वडिलांना विचारलं, वडिलांना काही ठाऊक नव्हतं. पर्सनल लोन झालं, रजिस्ट्री झाली, गृहप्रवेशही झाला. दोन्ही कर्जांचे हप्ते सुरू झाल्यावर मात्र महिन्याच्या वीस तारखेनंतर घरात पैसे उरेनात. त्यात शाळेला सुट्ट्या लागल्या आणि शिकवण्या थांबल्या. गृहकर्जाचे हप्ते थकू लागले तेव्हा तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, सबसिडी कधी येईल तेवढं बघा ना." त्याला सांगावं लागलं की अनुदानाचा हप्ता सोडताना कर्जखातं चालू स्थितीत आहे का हेही पाहिलं जातं. ज्या पैशाच्या भरवशावर उडी मारली तोच पैसा धोक्यात आला होता. शेवटी बायकोच्या पाटल्या मोडून पर्सनल लोन बंद केलं, तेव्हा कुठे खातं रुळावर आलं.

माझी पद्धत साधी आहे. कागदावर हिशेब मांडताना सबसिडीच्या जागी शून्य लिहायचं. शून्य धरून घर परवडत असेल तर घ्या, नसेल तर वर्षभर थांबा, आरडी लावा. आत्ता नाही घेतलं तर भाव वाढतील असं दलाल दर वर्षीच म्हणतो.

एकाच बाईची तीन नावं

या योजनेत घर कुटुंबातल्या स्त्रीच्या नावावर किंवा नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर असावं, असा आग्रह आहे. चांगलाच नियम आहे तो. शिवाय मध्य प्रदेशात स्त्रीच्या नावाने खरेदी केली तर नोंदणी शुल्कात सवलत मिळते. पण आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनावच नव्हे, कधीकधी नावही बदलतं, आणि कागद मात्र जागेवरच राहतात.

एकदा एका जोडप्याचे कागद मी जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले. आधारवर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पॅनवर माहेरचं नाव आणि सासरचं आडनाव. समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-ओळखपत्रात, लग्नात ठेवलेलं नवं नाव, आणि बिल्डरच्या करारात तेच नवं नाव, वेगळ्या स्पेलिंगने. बाई एकच, पण कागदोपत्री निराळ्या बायका. योजनेच्या पोर्टलवर नाव आधारप्रमाणेच टाकावं लागतं, नाहीतर पडताळणी पुढे सरकत नाही. बँकेने पॅनवरच्या नावाने कर्ज मंजूर केलेलं. रजिस्ट्रीच्या मसुद्यात करारातलं नाव. वकील म्हणाला, अशी रजिस्ट्री केलीत तर बँक पैसे सोडणार नाही. आधार दुरुस्त करायला धावपळ, मग पॅन, मग बँकेची नवी कागदपत्रं. तोवर कराराची मुदत संपली आणि बिल्डरने बुकिंगच्या रकमेतून पैसे कापले. नवरा संतापला आणि राग निघाला बायकोवर. तिचा काय दोष? लग्न झालं तेव्हा तिचे कागद कुणी बदलले नाहीत, इतकंच.

म्हणून घर पाहायला निघण्याच्याही आधी हे करा. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र काढा. कोणतं नाव कायम ठेवायचं हे दोघांनी बसून ठरवा, आणि तिचं मतच आधी ऐका. माहेरचंच नाव ठेवायचं असेल तर तेही चालतं, सगळीकडे एकच हवं एवढंच. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे स्पेलिंग ठरवून मगच केंद्रावर जा. आधार झालं की पॅन, मग बँक, मग समग्र. क्रम उलटा केला की एक दुरुस्ती दुसरीत अडकते. मी तर लोकांना एका कागदावर इंग्रजीत आणि देवनागरीत पूर्ण नाव लिहून तो फाइलच्या पहिल्या पानाला लावायला सांगतो. बिल्डरच्या ऑफिसात, वकिलाकडे, बँकेत, सगळीकडे तोच कागद पुढे करायचा.

"माझ्या नावावर तर काही नाही"

नियम तुमच्यापुरता नाही, कुटुंबाचा आहे. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलंमुली. यांपैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर असलं तर अर्ज बाद होतो. बायकोच्या नावावर देवासला किंवा धारला एखादं घर असेल तर ते आधीच तपासा. "कुणाला कळतंय" हे वाक्य माझ्यासमोर बोलू नका. तुम्ही प्रतिज्ञापत्रावर सही करता आहात.

गेल्या 20 वर्षांत कोणत्याही सरकारी आवास योजनेतून घर मिळालं असेल तर पुन्हा लाभ नाही.

उत्पन्नाचंही तसंच, दोघांचं मिळून धरायचं. कर्ज जास्त मिळावं म्हणून बँकेला रिटर्नमध्ये मोठा आकडा दाखवायचा आणि योजनेच्या फॉर्मवर छोटा, हा उद्योग दुकानदार मंडळी फार करतात. दोन्ही कागद एकाच बँकेच्या एकाच फाइलमध्ये जातात. फाइल पाहणारा माणूस ते आकडे शेजारी शेजारीच वाचतो.

कर्ज लवकर फेडण्याची घाई

कर्ज डोक्यावर नको, हे आपल्या घरांमधलं संस्कारातलं वाक्य. मला ते पटतंही. पण अनुदानाचा हप्ता मिळण्यासाठी मुद्दल निम्म्याहून जास्त बाकी असावं लागतं. समजा 10 लाखांचं कर्ज आहे. वडिलांच्या निवृत्तीचे पैसे आले आणि दुसऱ्याच वर्षी तुम्ही 6 लाख भरून टाकले, तर उरलेले अनुदानाचे हप्ते गेले. थोडं थोडं जादा भरा, मुद्दल निम्म्यावर येऊ देऊ नका, पाचवा हप्ता जमा झाला की मग हवं तेवढं भरा. बँकेचा व्याजदर जास्त असेल आणि मोठी रक्कम हातात असेल, तर अनुदान सोडूनही कर्ज फेडणं फायद्याचं ठरू शकतं. तो हिशेब बँकेत बसून करून घ्या, अंदाजाने नको.

नोटरीचा प्लॉट

शहराच्या कडेला शेतात मुरूम टाकून काढलेल्या कॉलनीत नोटरीवर प्लॉट विकतात. स्वस्त असतो, हप्त्यानेही मिळतो. 1908च्या नोंदणी कायद्याप्रमाणे 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदवावीच लागते. नोटरीचा शिक्का म्हणजे मालकी नव्हे. अशा प्लॉटवर बँक कर्ज देत नाही, म्हणून व्याज अनुदानही नाही. आणि याच योजनेत, वर्षाला 3 लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना स्वतःच्या जमिनीवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे किमान एक लाख मिळतात, तिथेही जमिनीच्या मालकीचा कागद लागतो. डायव्हर्शन (शेतजमीन बिगरशेती केल्याचा कागद) आणि टाउन अँड कंट्री प्लॅनिंग या सरकारी खात्याचा मंजूर नकाशा पाहिल्याशिवाय टोकनचे पैसे देऊ नका. फ्लॅट असेल तर रेराचा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा, माहितीपत्रकात छापलाय म्हणून विश्वास ठेवू नका.

आणखी काही, थोडक्यात

2 लाख 67 हजारांची सबसिडी सांगणाऱ्या जाहिराती अजून फिरतात. ती जुनी योजना होती, 31 मार्च 2022 ला संपली.

सुपर बिल्ट-अपचा (जिना, लॉबीसारखी सामाईक जागा धरलेला) आकडा फॉर्मवर लिहू नका, कार्पेट एरिया लिहा.

40 लाखांचा फ्लॅट 34 लाखांना रजिस्टर करून उरलेले रोख देऊ नका. कर्जही कमी बसतं आणि त्या रोख रकमेचा एकही पुरावा तुमच्याकडे राहत नाही.

"मंजुरी आणून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. अर्ज पोर्टलवर घरच्या घरी भरता येतो.

अर्जाचा क्रमांक मोबाइलच्या फोटोवर सोडू नका, वहीत लिहा. कर्ज मिळाल्यावर बँकेला लेखी विचारा की आपला दावा पुढे पाठवला का, आणि त्या पत्राच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. शाखेतले साहेब बदलतात. नवे आले की ती प्रत घेऊन पुन्हा भेटा.