गावातली वीरगळ कशी वाचायची

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभा केलेला दगड. ती शोधायला फार लांब जावं लागत नाही. मारुतीच्या देवळामागे, वेशीजवळ, पाराखाली किंवा पडक्या शिवमंदिराच्या आवारात बघा. कमरेएवढा कोरीव दगड, पुष्कळदा अर्धा मातीत गेलेला आणि शेंदराने माखलेला. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळींवर एक अक्षरही नसतं, त्यामुळे जे काही कळायचं ते चित्रांतूनच.

भर दुपारी जाऊ नका. डोक्यावरच्या उन्हात कोरीव काम सपाट दिसतं. सकाळी लवकर किंवा दिवस कलताना तिरपं ऊन पडलं की आकृत्या उठून येतात. दगड सावलीत असेल तर बॅटरी समोरून न धरता बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून धरा. शाळेतल्या मुलांना मी हे पहिलं शिकवतो. ढाल दिसली की ती स्वतःच पुढचं शोधू लागतात.

वाचायचं खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत बहुधा वीर आडवा पडलेला असतो. त्याच्याशेजारी गाई कोरलेल्या असतील तर तो गोधन राखताना मेला. त्यावर लढाई: पायदळ, कधी घोडेस्वार. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात आणि शेवटी तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला दिसतो. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीची खूण. गाढवाचं चित्र असेल तर तो दगड वेगळा, गधेगाळ. दानाची अट मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी आहे.

लढाईची चौकट सगळ्यात जास्त वेळ बघा. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला वीरगळींवर चक्क वल्ह्यांच्या युद्धनौका कोरल्या आहेत. यादव राजा महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यात सुमारे १२६५ साली झालेल्या आरमारी लढाईचं ते चित्रण असल्याचं अनेक अभ्यासक मानतात. राजांची नावं ताम्रपटांत सापडतात. वल्ही मारणाऱ्यांचा पुरावा म्हणाल तर हे दगडच.

साफ करायचं तर कोरड्या मऊ ब्रशने, तेवढंच. तारेचा ब्रश नको, अ‍ॅसिड नको, रेषा दिसाव्यात म्हणून खडू भरणं नको. ऑइलपेंट तर कुणालाही लावू देऊ नका. शेंदूर खरवडू नका, तो कुणाच्या तरी श्रद्धेचा आहे. रस्त्याच्या कामात दगड हलवायची वेळ आली तर आधी तो कुठे आणि कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता ते लिहून, फोटो काढून पुरातत्त्व विभागाला कळवा. फोटोत मोजपट्टी ठेवा, म्हणजे आकार कळतो.

मग गावात बसा. गुरवाला विचारा, म्हाताऱ्या माणसांना विचारा: या दगडाला नारळ कोण फोडतं? नैवेद्य कोणत्या भावकीचा? गावाने ज्याला देव केलं त्याचं नातं कधी एखाद्या घराशी, कधी धनगरवाड्याशी जोडलेलं निघतं. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, ‘गावात असं सांगतात’ म्हणून टिपा आणि दगडावर जे दिसतं ते वेगळ्या पानावर लिहा. दोन्हींची सरमिसळ झाली की पुढच्या माणसाला खरं काय ते सोडवता येत नाही.